कुंभारी ते पाचगाव

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला कुंभारी हे गाव आहे. कारखान्यांच्या भिंती, मालट्रकांच्या रांगा आणि मध्येच कुणाचं तरी कपाशीचं वावर. 1773 साली या शिवारात दोन फौजा एकमेकींना भिडल्या. दोन्हीकडचं निशाण भोसल्यांचंच होतं. दोन्हीकडचे सरदार रघूजी भोसल्यांचे मुलगे होते: साबाजी आणि मुधोजी. भांडण होतं नागपूरच्या गादीचं, पण ते लढलं गेलं वऱ्हाडच्या काळ्या मातीत आणि त्याचा खर्चही वऱ्हाडनेच सोसला.

इतिहासाच्या पुस्तकांत या भाऊबंदकीला जेमतेम दोन-चार ओळी मिळतात. पेशवाईचं कथन पुण्यात सुरू होतं आणि पुण्यातच संपतं. नागपूर-वऱ्हाडचा उल्लेख आलाच तर ओझरता. मला हे नेहमी खटकत आलं आहे. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला, त्या कटाचा एक पीळ वऱ्हाडात वळला गेला होता. पुण्याच्या घरातलं भांडण आणि नागपूरच्या घरातलं भांडण ही त्या वर्षी एकाच गाठीत अडकली. कुंभारीची लढाई वगळली तर ती गाठ नीट दिसतच नाही.

आधी वऱ्हाडची त्या काळची घडी लक्षात घ्यायला हवी. मुलूख नावाने निजामाचा. सुभ्याचं ठाणं एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, तिथे पन्नी घराण्यातले नवाब. पण चौथाई, सरदेशमुखी आणि घासदाणा हे हक्क भोसल्यांचे. घासदाणा म्हणजे मुळात फौजेच्या घोड्यांसाठीचा चारा आणि दाणा. पुढे ती कायमची पट्टीच होऊन बसली. एका गावात दोन सरकारांचे कमाविसदार. या दोअमलीत कुणबी एकाला देऊन मोकळा झाला की दुसरा दारात उभा. ‘सोन्याची कुऱ्हाड’ म्हणून वऱ्हाडची ख्याती होती आणि म्हणूनच ती कुऱ्हाड आपल्या हाती असावी असं दोघांनाही वाटे. गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या आज ढासळत चालल्या आहेत, पावसाळ्यागणिक त्यांचा एकेक थर ओघळतो आहे. त्या कुणी हौसेने बांधल्या नव्हत्या. स्वार आले की गुरंढोरं, पोरंबाळं आणि दाणागोटा घेऊन आत शिरायला जागा हवी, म्हणून त्या होत्या.

भोसल्यांच्या या शाखेला भाऊबंदकी नवी नव्हती. खुद्द पहिल्या रघूजीचा उदयच तीतून झाला होता. सेनासाहेबसुभा हे पद आधी कान्होजी भोसल्याकडे होतं. त्याचं ठाणं यवतमाळ भागातल्या भाम गावी. रघूजी त्याच्याच घराण्यातला, त्याच्याकडेच वाढलेला. पुढे त्यांचं फाटलं. रघूजीने साताऱ्याला जाऊन शाहू महाराजांची मर्जी मिळवली, सेनासाहेबसुभ्याची वस्त्रं मिळवली आणि मग ज्याने सांभाळलं त्याच्यावरच चालून आला. वणीजवळच्या मंदर गावापाशी कान्होजी सापडला आणि उरलेलं आयुष्य त्याने साताऱ्यात कैदेत काढलं. रघूजीने पुढे ओरिसापर्यंत मजल मारली, बंगालच्या नवाबाला हैराण केलं, नागपूरला वैभव आणलं. तो मोठा कर्तबगार पुरुष होता यात शंका नाही. पण वस्त्रं दरबारातून आणायची आणि हक्क तलवारीने शाबीत करायचा, हा धडा त्याच्या मुलांनी बापाकडूनच घेतला.

फेब्रुवारी 1755 मध्ये रघूजी वारला. मागे चार मुलगे राहिले. जानोजी वयाने सगळ्यांत मोठा, पण धाकट्या राणीचा. साबाजी त्याचा सख्खा भाऊ. मुधोजी आणि बिंबाजी थोरल्या राणीचे. वयाचा मान द्यायचा की आईच्या मानाचा, असा हा पेच होता. घरात थोरली कोण आणि धाकटी कोण, हे जिथे रोजच्या पंगतीत पाळलं जातं तिथे गादीच्या वेळी ते कोण विसरणार? मुधोजीने हक्क सांगितला आणि जानोजी-मुधोजींच्या फौजा अमरावतीच्या आसपास भिडल्या. जानोजी वरचढ ठरला. पेशव्यांनी मग तोड काढली. जानोजी सेनासाहेबसुभा झाला, मुधोजीला सेनाधुरंधर हा किताब आणि चांद्याचा मुलूख मिळाला, बिंबाजीच्या वाट्याला छत्तीसगड आला, तर साबाजीकडे वऱ्हाडातलं दारव्हा. चार भावांना चार ठिकाणी बसवून दिलं की घर शांत राहील, असा तो हिशेब होता.

जानोजीची कारकीर्द दोन डगरींवर पाय ठेवण्यात गेली. 1763 मध्ये तो निजामाबरोबर पेशव्यांवर चालून गेला. त्याच मोहिमेत पुणं लुटलं आणि जाळलं गेलं. राक्षसभुवनच्या ऐन लढाईत मात्र तो पेशव्यांना वश होऊन निजामापासून बाजूला झाला. त्याबद्दल त्याला 32 लाखांचा मुलूख मिळाला. हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं म्हणतात तो देवाजीपंत चोरघडे, नरखेडचा. मराठेशाहीतल्या ‘साडेतीन शहाण्यां’पैकी एक पुरा शहाणा. पण माधवराव पेशवा विसरणारा नव्हता. 1766 मध्ये दर्यापूरला तह झाला आणि त्या 32 लाखांतला 24 लाखांचा मुलूख परत द्यावा लागला. 1769 मध्ये माधवराव स्वतः फौज घेऊन वऱ्हाड-नागपुरावर उतरला, नागपूर लुटलं गेलं, आणि कनकापूरच्या तहाने जानोजीचे हात बांधले गेले. पेशव्याच्या परवानगीशिवाय फौज वाढवायची नाही, अशी अट त्यात होती. जानोजीच्या बाजूने पाहिलं तर हा मानभंगच. पण त्याच्या अखेरच्या वर्षांत दोघांत खरा सलोखा झाला, आणि त्याचं श्रेय दोघांनाही द्यायला हवं.

जानोजीला मूल नव्हतं. 1772 मध्ये तो थेऊरला गेला. माधवराव क्षयाने खंगला होता आणि तिथे चिंतामणीच्या पायाशी येऊन राहिला होता. मुधोजीचा मुलगा रघूजी याला दत्तक घ्यावं आणि तोच पुढे सेनासाहेबसुभा व्हावा, याला पेशव्याची संमती जानोजीने मिळवली. थोरल्या राणीच्या वंशातला नातू धाकट्या राणीच्या मुलाचा दत्तक व्हायचा. म्हणजे 17 वर्षांपूर्वीचं भांडण एका मुलाच्या अंगावर घालून मिटवायचं. तोड चांगली होती. पण परतीच्या वाटेवर, मे 1772 मध्ये, तुळजापूरजवळ जानोजीला मृत्यूने गाठलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माधवरावही गेला. सहा महिन्यांत देणाराही संपला आणि घेणाराही.

इथून साबाजीची कथा सुरू होते. जानोजीचा तो सख्खा भाऊ. जानोजीची विधवा दर्याबाई त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. मुधोजीच्या मुलाला मांडीवर घेतलं की सत्ता मुधोजीच्या हाती जाणार आणि आपण नावापुरत्या उरणार, हे त्यांना दिसत असणार. मुधोजी मुलाला घेऊन नागपूरकडे निघाला, तोवर साबाजी तिथे सत्ता ताब्यात घेऊन बसला होता. त्या बाईंना कारस्थानी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. पाठीशी मूल नाही, दीर तीन, त्यातले दोन सावत्र. अशा वेळी त्यांनी सख्ख्या दिराचा आधार धरला. पुढे साबाजीशीही त्यांचं पटेनासं झालं आणि त्या मुधोजीकडे वळल्या.

एलिचपूरचा नवाब इस्माइलखान पन्नी मुधोजीच्या बाजूचा. निजाम आणि पुण्याचा दरबार साबाजीला अनुकूल. माधवरावानंतर पेशवा झालेला त्याचा धाकटा भाऊ नारायणराव आणि त्याचे कारभारी साबाजीला धरून होते. शनिवारवाड्यातच नजरकैदेत असलेला त्याचा काका रघुनाथराव मुधोजीचा जुना स्नेही. म्हणजे नागपूरच्या दोन भावांपैकी एकेकाला पुण्याच्या काका-पुतण्यांपैकी एकेक जण मिळाला. जिथे पुतण्या जिंकेल तिथे साबाजी जिंकणार, काका सुटला तर मुधोजी.

कुंभारीला फौजा भिडल्या त्या या परिस्थितीत. लढाई झाली, माणसं पडली, निकाल लागला नाही. दोन्ही फौजांत पिढ्यान्‌पिढ्या भोसल्यांच्या पदरी असलेली घराणी होती. कुणाचा मामा पलीकडे, कुणाचा साडू पलीकडे. शेजारच्या गावचा माणूस समोरच्या रांगेत दिसत असताना भाला किती जोरात मारायचा? पानिपतावर मेलेल्यांसाठी महाराष्ट्र अजून हळहळतो. भावांच्या भांडणात कुंभारीच्या वावरात मेलेल्यांची नावं कुणी गुंफली नाहीत.

रणात निकाल लागला नाही, तेव्हा तो पुण्यात लावायचा ठरला. मुधोजीच्या वतीने व्यंकटराव काशी आणि लक्ष्मण काशी हे गुप्ते बंधू पुण्यात होते. जातीने चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, बुद्धीने तल्लख. रघूजीच्या नावाने वस्त्रं मिळवायची हे त्यांचं काम. नारायणरावाच्या दरबारात त्यांची डाळ शिजेना. शिवाय प्रभूंच्या कर्माधिकाराचा वाद त्याच सुमारास पेटला होता आणि नारायणरावाने त्यात प्रभूंविरुद्ध कडक पवित्रा घेतला होता. धन्याचं काम अडलेलं आणि जातीचा अपमान झालेला. अशी दोन हुशार माणसं पेशवा बदलण्याच्या विचारापर्यंत पोचावीत, यात अशक्य काही नाही. रघुनाथरावाला मोकळं करण्याच्या मसलतीत ते सामील झाले. गारद्यांचा सुमेरसिंग, महंमद यूसुफ, तुळाजी पवार या नावांच्या जोडीला या कटाच्या हकिगतीत गुप्ते बंधूंची नावं येतात ती यामुळे.

30 ऑगस्ट 1773. गणेशोत्सवाचे दिवस. पगाराची थकबाकी मागत गारदी शनिवारवाड्यात शिरले. जेमतेम 18 वर्षांचा नारायणराव पळत काकाच्या दालनात गेला, काकाला मिठी मारून ‘वाचवा’ म्हणाला, आणि तिथेच कापला गेला. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा महाराष्ट्रात पोराटोराला ठाऊक आहे. त्या कथेत आनंदीबाई आहेत, रामशास्त्री आहेत. भोसल्यांचे वकील नाहीत. मुधोजीने हा खून करवला असं माझं म्हणणं नाही. पण त्याच्या वकिलांना रघुनाथराव सुटायला हवा होता तो त्याच्याच कामासाठी, ही गोष्ट लपत नाही. खुनाने एका रात्रीत पारडं फिरलं. रघुनाथराव पेशवा झाला आणि रघूजीला, म्हणजे पर्यायाने मुधोजीला, मान्यता मिळाली. आदल्या दिवसापर्यंत कायद्याने जो सेनासाहेब होता तो बंडखोर ठरला. आणि जो बंडखोर होता तो दरबारचा माणूस.

दूरच्या विलायतेत त्याआधी सुमारे सव्वातीनशे वर्षं अगदी अशीच एक गोष्ट घडली होती. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात थॉमस कोर्टने हा तिथला अर्ल आणि विल्यम बॉनव्हिल हा नव्याने वर आलेला उमराव, यांचं प्रांतातल्या सत्तेवरून वैर होतं. राजा सहावा हेन्री दुबळा, मनाने खचलेला. ऑक्टोबर 1455 मध्ये कोर्टनेच्या मुलाने माणसं नेऊन बॉनव्हिलच्या बाजूच्या निकोलस रॅडफर्ड या वृद्ध वकिलाला त्याच्या घराजवळ ठार केलं. डिसेंबरात क्लिस्ट इथे दोन्ही घराण्यांची लढाई झाली आणि कोर्टने जिंकला. यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्यांची मोठी लढाई तेव्हा पेटू लागली होती. या दोघांनी आपापलं वैर त्या मोठ्या वैराला नेऊन जोडलं. बॉनव्हिल यॉर्कवाल्यांच्या बाजूने लढत 1461 मध्ये हाती सापडला आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. डेव्हनला राजा दुबळा झाला, वऱ्हाडला पेशवा मारला गेला. दोन्हीकडे प्रांतातल्या भांडणाला राजधानीतलं भांडण मिळालं आणि मग दोन्ही आवरेनाशी झाली.

पुण्यात रघुनाथरावाचं राज्य फार दिवस टिकलं नाही. सखारामबापू, नाना फडणीस आणि बाकीच्या कारभाऱ्यांनी बारभाईंचं कारस्थान उभं केलं. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला त्यांनी पुरंदरावर नेऊन ठेवलं. 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवरावाचा जन्म झाला आणि रघुनाथरावाच्या हक्काची वाट बंद झाली. बारभाईंनी साबाजीला जवळ केलं. निजामही त्यांच्या बाजूला. पारडं पुन्हा फिरलं. दोन वर्षांत नागपूरच्या गादीचा मालक कागदावर तीनदा बदलला, आणि प्रत्येक बदलाबरोबर कुणाच्या तरी फौजा वऱ्हाडातून गेल्या. मुधोजीचा आधार असलेल्या एलिचपूरलाही साबाजीच्या बाजूची फौज जाऊन भिडली. दसऱ्यानंतर स्वार बाहेर पडायचे, तेव्हा इकडे कापूस फुटायला लागलेला असायचा, ज्वारी कणसात आलेली असायची. घोड्याला ज्वारीचं उभं पीक आणि कडबा सारखाच. पुढच्या पेरणीसाठी कणगीत ठेवलेलं बियाणं स्वारांनी नेलं की त्या घरचं पुढचं वर्ष गेलंच. म्हणून मला या भांडणात ‘न्याय कुणाच्या बाजूने होता’ हा प्रश्न पडतो खरा, पण त्याच्यावर फार वेळ थांबावंसं वाटत नाही.

तरी थांबायचं तर एवढं म्हणतो. दत्तविधानाला जानोजीची इच्छा होती, पेशव्याची संमती होती. म्हणजे मुधोजीच्या मुलाचा हक्क बळकट होता. साबाजीकडे तसं काही नव्हतं. पण मुधोजीने आपल्या मुलाच्या आड राहून स्वतःसाठीच गादी मागितली, हे साबाजीने नेमकं ओळखलं होतं. 17 वर्षांपूर्वी जानोजीविरुद्ध उभा राहिलेला मुधोजी तो विसरला असेल कसा?

शेवट नागपूरच्या दाराशी झाला. 26 जानेवारी 1775 रोजी, नागपूरच्या दक्षिणेला उमरेडच्या वाटेवर पाचगावपाशी दोघे समोरासमोर आले. शेतात तूर उभी, हरभरा घाट्यांवर आलेला, असे ते दिवस. लढाईत साबाजी वरचढ ठरला. मुधोजीची माणसं मागे हटली आणि त्याचा हत्ती शत्रूच्या स्वारांनी घेरला. विजय आता हाताच्या अंतरावर होता आणि साबाजीने तो दुसऱ्या कुणाला घेऊ दिला नाही. भावाला स्वतःच्या हाताने धरायचं म्हणून त्याने आपला हत्ती थेट भावाच्या हत्तीला नेऊन भिडवला आणि शरण येण्यास फर्मावलं. मुधोजीने तो पुरता जवळ येईपर्यंत वाट पाहिली. मग पिस्तूल उचललं आणि झाडलं. साबाजी हौद्यातच कोसळला.

सेनापती पडला की त्या काळची फौज उधळायची. हरलेला मुधोजी क्षणात जिंकला. त्या जवळिकीचा विचार केला की अंगावर काटा येतो. भाला लांबून फेकता येतो, तोफ तर अर्ध्या कोसावरून डागता येते. पण दोन हत्ती अंगाला अंग लावून उभे असताना, भाऊ बोलतो आहे, त्याचा चेहरा स्पष्ट दिसतो आहे, आणि त्याच क्षणी चाप ओढायचा. एकाच वाड्याच्या अंगणात वाढलेली ही दोन माणसं होती. साबाजीला भाऊ जिवंत हवा होता, निदान शेवटच्या घटकेला तरी. आणि तेवढ्यानेच त्याचा घात झाला.

नारायणरावाच्या खुनातला महंमद यूसुफ गारदी पुण्याहून निसटून मुधोजीच्याच आश्रयाला आला होता. बारभाईंनी त्याची पाठ सोडली नाही. तो पकडला गेला आणि त्याला देहदंड झाला. इस्माइलखान पन्नी त्याच वर्षी, 1775 मध्ये, एलिचपुराजवळ निजामाच्या सरदाराशी लढताना पडला. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या फौजेवर मोजक्या स्वारांनिशी तो चालून गेला होता. भोसल्यांच्या घरच्या वणव्यात पन्नींचा हा कर्ता पुरुषही गेला.

मुधोजीने मग मुलाच्या नावाने 13 वर्षं कारभार केला. एकदा सत्ता हातात आल्यावर तो शांत, धूर्त आणि सावध राज्यकर्ता ठरला. इंग्रजांविरुद्ध मराठे, निजाम आणि हैदर यांची जूट जमली तेव्हा तो तिच्यात सामील झाला, बंगालवर फौज पाठवली; आणि त्या फौजेने लढू नये म्हणून इंग्रज गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जकडून पैसाही घेतला. 1788 मध्ये तो वारला. बिछान्यावर, वय होऊन.

ज्याच्या नावाने कुंभारी आणि पाचगाव लढलं गेलं तो मुलगा, दुसरा रघूजी, मोठा होऊन नागपूरचा राजा झाला. 29 नोव्हेंबर 1803 रोजी त्याची फौज त्याचा भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू याच्या हाताखाली अडगावच्या मैदानात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीसमोर उभी राहिली. अडगाव आजच्या अकोला जिल्ह्यातच. त्या दिवशी ती हरली. 15 डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मेला. दोन दिवसांनी देवगावला तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला, तो निजामाला मिळाला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या पायथ्याचा चार लाखांचा मुलूख तेवढा रघूजीकडे राहिला.